डबल बेल

नानांच्या गळ्यात ते बटण घालायला मला तीन महिने लागले. त्यांना ते काढून खुंटीला लावायला तीन मिनिटं.

बटण म्हणजे रुपयाएवढी चकती, पांढरी, मधोमध लाल, दोरीत ओवलेली. सोबत एक डबा, डब्यात सिम कार्ड. बटण दाबलं की डबा कॉल सेंटरला फोन लावतो आणि तिथला माणूस डब्यातूनच बोलतो. घरातून उत्तर आलं नाही तर तो मला फोन करतो, मी नाही उचलला तर ताईला, मग शेजारच्या काकूंना. मी पुण्यात, ताई ठाण्यात, आई-नाना सांगलीत विश्रामबागला. कितीही हाणली तरी मला तिथं पोचायला पाच तास लागतात. ती दोरी नानांच्या गळ्यात असली तर रात्री मला झोप लागेल, हे खरं कारण होतं. नानांना मात्र मी सांगितलं, "तुमच्यासाठी आणलंय."

"मला काय धाड भरलीय?" नाना म्हणाले.

नाना एसटीत कंडक्टर होते, तेहेतीस वर्षं. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली ती 1 जून 1948 ला. नानांची जन्मतारीखही तीच. अर्थात ती मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची असते तशी. पण नाना ती खरी मानतात आणि एसटीला आपली जुळी बहीण समजतात. चकती बघून ते म्हणाले, "बिल्ला मी रिटायर झालो तेव्हाच जमा केला. आता पुन्हा कुठला बिल्ला लावतोस?"

मग मी दुसऱ्या वाटेनं गेलो. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरलं की 112 ला फोन लागला पाहिजे, असा सरकारी नियम आहे. हे मी त्यांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि शर्ट काढून अंघोळीला गेले. अमेरिकेतल्या मावसभावानं मनगटी घड्याळ सुचवलं, माणूस पडला की स्वतःच ओळखणारं. ते म्हणे अचानक खाली जाणं, मग आदळणं, मग सामसूम, एवढं बघतं. या हिशेबानं नाना दुपारी जेवून आरामखुर्चीत बसतात तेव्हा रोज रुग्णवाहिका दारात येईल.

तर बटण खुंटीवर राहिलं. आई अधूनमधून ते पुसायची, चार्जिंगला लावायची. आमच्या घरात वस्तूची सेवा होते, वापर होईलच असं नाही. खंडेनवमीला तिनं पाटावर विळी मांडली, सुरी मांडली, अडकित्ता, शिलाई मशीनची कात्री, आणि शेवटी ते बटणही मांडलं. शेजारी डबा. नोकरीत असताना नाना या दिवशी डेपोत गाडीला झेंडूचा हार घालून यायचे, त्यामुळे यंत्राची पूजा आमच्याकडे नवी नाही. आईनं विळीला कुंकू लावलं, सुरीला लावलं, आणि तिचं कुंकवाचं बोट नेमकं त्या लाल गोलावर टेकलं.

विळी-सुरीच्या मधून एक मुलगी बोलायला लागली. "हॅलो, आप ठीक हैं? आपको कोई मदद चाहिए?"

आईनं आधी हात जोडले. मग म्हणाली, "हां हां, सब ठीक है. पूजा करती थी. बोट लग गया. तुम्हारा जेवण हुआ?"

मुलगी बहुधा हसली. आईनं तिला विचारून घेतलं की गाव कुठलं, दसऱ्याची सुट्टी मिळते का, रात्रपाळी असते का. नाना दारात उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी मला फोनवर म्हणाले, "बाई चांगली आहे. तिला उगाच कशाला त्रास द्यायचा?" मी कपाळावर हात मारून घेतला. अडचण यंत्राची नव्हतीच. आयुष्यभर नानांनी दोरी ओढली की चाळीस-पन्नास माणसांची गाडी थांबायची. ओढली की सुटायची. तो हुकूम होता. आणि हे बटण म्हणजे अर्ज.

डिसेंबरात नाना मोरीत बसले. पडले असं ते म्हणत नाहीत, बसले म्हणतात. साबणाचं पाणी, पहाटेची थंडी, नळाला धरत धरत खाली आले ते उठताच येईना. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि आकाशवाणी सांगली. आईला काही कळलं नाही. बटण खुंटीवर. 'अंघोळ करतानाही गळ्यात ठेवा, पाण्यानं बिघडत नाही,' असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते माहितीपत्रक पिठाच्या डब्याखाली घातलेलं होतं. नानांनी पंधरा-वीस मिनिटं अंघोळीचा मग बादलीवर आपटला, तेव्हा कुठं आई आली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. या वयात खुब्याचं हाड गेलं की माणूस खाटेला खिळतो, तेवढं वाचलं.

मला हे आठ दिवसांनी कळलं. तेही आईकडून, आवळ्याचं लोणचं पोचलं का हे विचारायला तिनं केलेल्या फोनमध्ये, सहज.

मी सांगलीला गेलो. "हाक का नाही मारली?"

"मोरीत उघडा बसून बायकोला हाका मारू?"

यावर मला उत्तर नव्हतं. पण येताना एक गोष्ट डोक्यात होती. मोठ्या रुग्णालयातल्या संडासात लाल दोरी असते, छतापासून थेट जमिनीलगत लोंबणारी. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही, म्हणून ती तेवढी लांब. हे मी नानांना सांगायला लागलो आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"आमच्या गाडीत पण तसंच," ते म्हणाले. "पुढनं मागपर्यंत छताला दोरी. कंडक्टर कुठं उभा असेल याचा नेम काय? गर्दीत हात वर केला की दोरी पाहिजे."

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. नाना स्वतः इलेक्ट्रिशियनला घेऊन बाजारात गेले. ओढली की वाजणारा, सोडली की गप्प होणारा दोरीचा स्विच शोधायला त्यांना दोन दिवस लागले. स्विच छतालगत, पाणी उडणार नाही असा. दोरी नायलॉनची, मोरीच्या फरशीपासून वीतभर वर. गाठ नानांनी मारली. एक बेल आमच्या स्वयंपाकघरात, दुसरी भिंतीपलीकडे काकूंच्या. नियम काकूंनाही पाठ करून घ्यायला लावला: एक घंटी म्हणजे थांबा, सगळं टाकून या. दोन म्हणजे चला.

आता रोज सकाळी अंघोळ झाली की नाना दोन घंट्या देतात. पलीकडून काकू ओरडतात, "सुटली का गाडी?" गळ्यातलं बटण अजून खुंटीवरच आहे. त्याचं वर्षाचं शुल्क मी परवाच भरलं.

काल आईचा फोन होता. "यांचं झालं रे. पण काकू गावाला गेल्या आणि मी पडले तर? बेल वाजेल, पण यांना ऐकायला नको? कानाचं मशीन घेतलंयस, ते डबीत. डबी कपाटात."

मी म्हटलं, नानांना दे फोन.

"काय?" नाना म्हणाले. "मोठ्यानं बोल."