अकरा मिनिटे

रात्रपाळीच्या नोंदवहीतील त्या प्रकरणाची पहिली ओळ माझ्या हातची आहे : ‘२२:१०. गस्तीनौकेचा संदेश. लाकडी मासेमारी गलबत, किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या पलीकडे, हाकेला उत्तर नाही.’ पश्चिम हिंदी महासागराच्या काठावरील काही देश समुद्रावरील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी मिळून जे केंद्र चालवतात, तेथे मी त्या वेळी संपर्क अधिकारी होते. एकाच घटनेत तीन-चार देशांची घड्याळे गुंतलेली असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक नोंद जागतिक प्रमाणवेळेनुसार केली जाते.

गलबतावरील स्वयंचलित ओळखयंत्रणा, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सतत कळवणारे यंत्र, बंद होती, पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हते. ती यंत्रणा मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० किंवा त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजांना सक्तीची आहे आणि अशी लहान गलबते त्या नियमात बसत नाहीत. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारे हेरॉइन आणि अलीकडे मेथॅम्फेटामिन अशाच गलबतांतून जाते हे खरे. परंतु त्याच पाण्यात, त्याच घडणीच्या गलबतांवर हजारो प्रामाणिक मच्छीमारही पोट भरतात, ही गोष्ट आमच्या कामात क्षणभरही नजरेआड होऊन चालत नाही. या गलबताविषयीच्या संशयाला वेगळा आधार होता. एका शेजारी देशाच्या टेहळणी विमानाने आदल्या दोन दिवसांत त्याची तीनदा छायाचित्रे घेतली होती, आणि तिन्हींत जाळी त्याच घडीत, त्याच कोपऱ्यात, कोरडी पडलेली दिसत होती. शिवाय इंधनाची पिंपे इतकी होती की मासळी उतरवायला डेकवर जागाच नव्हती.

गस्तीनौकेच्या कप्तानाने गलबतावर चढण्याची परवानगी मागितली. त्याचे म्हणणे सरळ होते : गलबतावर ध्वज नाही, मागच्या बाजूला रंगवलेले नाव खरवडलेले आहे, म्हणजे ते कोणत्याच देशाचे नाही. तेवढ्यात गलबताच्या नाखुद्याने रेडिओवर एका देशाचे नाव घेतले आणि एक नोंदणी क्रमांक वाचून दाखवला. त्या एका वाक्याने सगळे प्रकरण बदलले.

खुल्या समुद्रावर जहाजावर अधिकार चालतो तो त्याच्या ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्या देशात त्याची नोंदणी आहे त्या देशाचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम १०८ सर्व देशांना अमली पदार्थांची समुद्री वाहतूक रोखण्यासाठी सहकार्य करायला सांगते. पण ज्या कारणांसाठी परक्या जहाजावर चढता येते ती कारणे कलम ११० मध्ये दिली आहेत, आणि त्यांत चाचेगिरी आहे, गुलामांचा व्यापार आहे, अमली पदार्थ नाहीत. ही उणीव अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १७ ने भरून काढली आहे : ध्वजराष्ट्राला विचारा, नोंदणीची खातरजमा करून घ्या, परवानगी घ्या, मग चढा. नोंदणीविषयी शंका असेल तर कागद तपासण्यापुरते चढण्याची मुभा कलम ११० देते आणि कप्तानाने तोच मार्ग सुचवला. मी त्याला विरोध केला. रात्रीच्या अंधारात, उंच लाटांत, कागद पाहायला म्हणून चढलेली माणसे झडती केव्हा घेऊ लागली, हा प्रश्न न्यायालयात येणार हे मला स्वच्छ दिसत होते. कप्तान संतापला आणि त्याचा संताप मला समजत होता. आम्ही कायदा वाचत बसलो तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांदेखत सगळा माल पाण्यात गेला असता.

माझ्या आग्रहामागे एक जुनी जखम होती. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात मी साक्षीदार होते. पंचनाम्यातील एका सीलचा क्रमांक आणि खोक्यावरील सीलचा क्रमांक यांत एका आकड्याचा फरक निघाला आणि तेवढ्यावर आरोपी सुटले. युरोपातील ‘विनर’ जहाजाचे प्रकरणही मी प्रशिक्षणात अभ्यासले होते. २००२ मध्ये फ्रेंच नौदलाने कंबोडियाच्या ध्वजाचे हे जहाज कंबोडियाच्या संमतीने केप व्हर्देजवळ पकडले आणि खलाशांना तेरा दिवस जहाजावर ठेवून ब्रेस्टला नेले. २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की कंबोडियाच्या पत्रात जहाजाचा उल्लेख होता, माणसांचा नव्हता, म्हणून त्या तेरा दिवसांच्या अटकेला पुरेसा कायदेशीर आधार नव्हता. तेव्हापासून मी विनंतीपत्रात प्रत्येक गोष्ट वेगळी मागते : नोंदणीची खातरजमा, चढण्याची परवानगी, झडतीची परवानगी आणि अमली पदार्थ सापडल्यास गलबत, माल व माणसे यांना ताब्यात ठेवण्याची परवानगी. नोंदणी नसल्यास तसे लेखी कळवावे, ही पाचवी ओळ.

पत्र २२:५० ला गेले. कलम १७ नुसार प्रत्येक देशाने अशा विनंत्या स्वीकारण्यासाठी एक अधिकृत कार्यालय नेमून ठेवायचे असते, आणि त्यांची यादी आमच्याकडे होती. त्या यादीतील क्रमांक मी सात वेळा फिरवला. तेथे शुक्रवारची पहाट होती, शुक्रवार हा त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आणि फोन कोणीच उचलत नव्हते. प्रादेशिक सहकार्याच्या परिषदांत रंगीत नकाशे दाखवले जातात, परंतु त्या नकाशांवरील रेषा अशा वेळी फोन उचलणाऱ्या माणसावर टेकलेल्या असतात, हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणवर्गात त्या देशाच्या नौवहन खात्याचे एक ज्येष्ठ अधिकारी दहा दिवस माझ्या शेजारच्या बाकावर बसत असत. त्यांचा घरचा क्रमांक माझ्याकडे होता. मी त्यांना झोपेतून उठवले, क्षमा मागितली आणि नोंदणी क्रमांक सांगितला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त क्रमांक दोनदा म्हणवून घेतला. पुढच्या चार तासांत त्यांनी निबंधकाला घरून बोलावून कार्यालय उघडवले आणि जुनी नोंदणीपुस्तके काढायला लावली.

ते चार तास गस्तीनौकेवर कसे गेले हे मला नंतर नोंदींतून कळले. कप्तानाने सुरक्षित अंतर राखले होते, कारण समुद्रावरील जीवित आणि जहाज धोक्यात येणार नाही याची काळजी घेण्याचे बंधन तेच कलम १७ घालते. औष्णिक कॅमेरा अखंड चालू होता. ०२:२० च्या सुमारास गलबतावरून दोन गाठोडी पाण्यात टाकलेली त्यात दिसली. त्यांची जागा आणि वेळ टिपली गेली, पण ती हाती लागली नाहीत. त्या दोन गाठोड्यांसाठी कप्तानाने मला बरेच दिवस माफ केले नाही.

लेखी उत्तर ०४:३६ ला आले. तो क्रमांक एका दुसऱ्याच गलबताचा होता आणि ते गलबत मोडीत काढल्यामुळे त्याची नोंदणी रद्द झाली होती. समोरचे गलबत त्या देशाचे नव्हते. म्हणजे ते आता खरोखरच कोणत्याही देशाचे नव्हते, आणि गस्तीनौकेच्या देशाच्या कायद्यात ध्वजहीन जहाजांवरील अशा गुन्ह्यांसाठी स्पष्ट तरतूद होती. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा असतो. या पाण्यात गस्त घालणाऱ्या बहुराष्ट्रीय ‘कृती दल १५०’ ची जहाजे वर्षानुवर्षे हेरॉइन पकडून नष्ट करत आली आहेत, पण खटला चालवायला कायदा नसल्यामुळे खलाशांना बहुधा गलबतासह सोडून द्यावे लागते. माल जातो, माणसे आणि त्यांची वाट मात्र तशीच राहते.

०४:४७ ला पहिला माणूस गलबतावर चढला. नऊ खलाशी होते, त्यांत एक मुलगा जेमतेम सतरा वर्षांचा. पहिल्या सहा तासांत काहीही सापडले नाही आणि केंद्रातील सगळे अबोल झाले. मग पथकातील एका जुन्या सुतारी हाताच्या माणसाने बर्फाचा खण आतून मापला, डेकवरून बाहेरून मापला, आणि दोन मापांत हातभर अंतर निघाले. खोटी आडभिंत नव्या फळ्यांची होती, वरून जुन्या तेलाने काळी केलेली. तिच्यामागे पाकिटे रचलेली होती. डोलणाऱ्या जहाजावर वजनकाटा खरे वजन दाखवत नाही, म्हणून समुद्रात फक्त मोजणी, छायाचित्रण आणि सीलबंदी झाली. वजन बंदरात, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. प्रत्येक सीलचा क्रमांक दोघांनी मोठ्याने वाचावा, असा माझा आग्रह होता आणि तो पाळला गेला.

बातम्यांत पाकिटे आली. माझ्या लेखी त्या रात्रीचा खरा मुद्देमाल म्हणजे नाखुद्याच्या उशाखाली सापडलेला उपग्रह फोन आणि दिशादर्शक यंत्रातील जुने स्थानबिंदू. एकच बिंदू पुन्हा पुन्हा येत होता, एका तिसऱ्याच देशाच्या किनाऱ्यासमोर. ती माहिती आम्ही त्या देशाला दुसऱ्याच दिवशी दिली. परंतु गुप्तवार्ता म्हणून दिलेली माहिती न्यायालयात पुरावा ठरत नाही, आणि तीच माहिती परस्पर कायदेशीर साहाय्याच्या रीतसर मार्गाने जायला पाच महिने लागले. या पाच महिन्यांविषयी माझी तक्रार कायम आहे. किनाऱ्यावरचा मालक तेवढ्यात फोन बदलतो, गलबत बदलतो आणि नवे खलाशी नेमतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने दिलेल्या माहितीवरून भारतीय नौदलाने अरबी समुद्रात दोन श्रीलंकन मासेमारी बोटींवर सुमारे ५०० किलो मेथॅम्फेटामिन पकडले आणि बोटी, माणसे व माल श्रीलंकेच्याच स्वाधीन केला. तेथे ध्वज, खटला आणि माहिती हे तिन्ही धागे एकाच हातात गेले. आमच्या प्रकरणात ते तीन देशांत विखुरलेले होते.

खटला उभा राहिला तेव्हा माझी साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. मुलाचे प्रकरण तोवर बाल न्यायालयाकडे वेगळे चालवले जात होते. पडद्यावर बचाव पक्षाच्या वकिलांनी पाकिटांविषयी एक शब्दही विचारला नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : गलबताची नोंदणी नसल्याचे पत्र केंद्राला नेमके किती वाजता मिळाले, आणि गस्तीनौकेवरील पहिल्या माणसाने गलबतावर पाऊल नेमके किती वाजता ठेवले. मी नोंदवही उघडून दोन्ही वेळा वाचल्या, आणि त्या कोणत्या घड्याळाच्या आहेत हेही सांगितले. गस्तीनौकेची नोंदवही न्यायाधीशांसमोर होती. त्यांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली. वकिलांनी आपल्या टिपणातील पुढच्या तीन ओळींवर काट मारली आणि आपल्याला आणखी काही विचारायचे नाही असे सांगितले. त्या संध्याकाळी मी गस्तीनौकेच्या कप्तानाला फोन केला. मी काही सांगण्याआधीच त्याने विचारले, “वेळ विचारली का?”