गंगेवरची वही आणि डोंगरातला लेख

नाशिककरांच्या बोलण्यात गोदावरी क्वचितच येते. येते ती गंगा. स्टँडवर रिक्षावाल्याला रामकुंड सांगितलं, तर तो म्हणाला, "गंगेवर ना? बसा." बाबांच्या अस्थी मांडीवर घेऊन आई बसली, शेजारी मी.

विधी तासाभरात आटोपला. मग गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं आणि आतून एक लांबट, कापडात बांधलेली वही आणली. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. आजोबांची सही! पणजोबांचं अस्थिविसर्जन करायला आले होते तेव्हाची. त्याच्या वर मोडीतल्या दोन ओळी, मला न वाचता आलेल्या. आई त्या सहीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. गुरुजींनी बाबांचं नाव लिहिलं, खाली मी सही केली.

समोरच कपालेश्वर. या महादेवापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येचं पातक इथल्या स्नानाने फिटेल हे शंकराला नंदीनेच सांगितलं, म्हणून तो गुरू ठरला आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी इथली कथा. आईला ती फार आवडली. नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा खालूनच पाहिली. 1739 च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली.

काळाराम मंदिरात मात्र रेंगाळलो. काळ्या पाषाणातलं देऊळ, आत काळ्याच मूर्ती, उन्हातून आल्यावर पायाला गार लागणारी फरशी. याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं दारापर्यंत आली आणि दारं बंद झाली. नाशिकचं पुण्य सांगणाऱ्याने ही बंद दारंही सांगायलाच हवीत. बाहेर पडताना मी उंबऱ्याशी थांबले, हात जोडले ते त्या माणसांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी. नाव पांडवांचं, पण लेणी बौद्ध भिक्खूंची. त्रिरश्मी डोंगरात 24 लेणी, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. आई हळूहळू, कठड्याला धरून चढली. दहाव्या लेण्याच्या ओसरीत, वर छताजवळ ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतात. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचे हे लेख. त्याने तीन लाख गायी दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, तापी, दमणा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि त्याच माणसाने भिक्खूंसाठी हे लेणं कोरवलं, पाण्याची टाकी खोदवली. एकाच लेखात ब्राह्मणही आहेत नि भिक्खूही. कुणाला दिलं म्हणून कुणाचं काढून घेतलेलं नाही. ते वाचून आलेली मी तिथे उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला.

शेजारच्याच लेखातला हिशेब आईला सांगितला. गोवर्धन, म्हणजे आजही गंगापूर रोडला असलेलं गाव. तिथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, उषवदाताने 2000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

आईने बोटांवर मोजलं. "वर्षाचे दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. बरोबर बसतंय गं!"

आयुष्यभर पतपेढीत हिशेब लिहिलेली बाई ती. तिने पदर सावरला, ओसरीच्या दगडी बाकावर बसली आणि म्हणाली, "परत एकदा सांग. सावकाश सांग."