तुम्ही विचारलंत म्हणून: वाटाणे, कडं आणि खालचा हात

संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन वाटाणे सोलत असले की शेजारची कुणीतरी विचारतेच, "दिसत नाही, ऐकूही येत नाही, मग त्या मुलांना शिकवता तरी कसं हो?"

आधी एक सांगते. काहीच दिसत नाही आणि काहीच ऐकू येत नाही, अशी मुलं थोडी. बहुतेकांना अंधुक दिसतं, नाहीतर थोडंफार ऐकू येतं. भिस्त मात्र हातांवर.

आता वाटाण्याचंच घ्या. शेंग सोलायला शिकवायची, तर मुलाचा हात धरून शेंगेवर दाबायचा नाही. माझा हात खाली, त्याचा वर. मी सोलते, तो माझ्या बोटांवर बोटं ठेवून बघतो. (हो, आम्ही 'बघतो'च म्हणतो.) नको झालं की त्याने हात उचलावा. त्याचं बोलणंही हातांनीच, म्हणून मदतीच्या नावाखाली मनगट धरून ओढणारे दिसले की माझं डोकं फिरतं.

मग हेलन केलरचा, म्हणजे न दिसणाऱ्या-न ऐकू येणाऱ्या त्या अमेरिकन लेखिकेचा विषय निघतो. मुंबईत त्यांच्या नावाची संस्था बेरोझ वाच्छांनी १९७७ मध्ये काढली, तेही सांगते. पण लोकांना आठवतो तो फक्त हापशाचा प्रसंग: हातावर पाणी पडलं आणि शब्द कळला. तो दिवस ५ एप्रिल १८८७. तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन ३ मार्चलाच आल्या होत्या आणि तेव्हापासून तिच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी शब्द लिहीत होत्या. शिवाय हेलन एकोणीस महिन्यांची होईपर्यंत ऐकत-बघत होती. आमच्याकडच्या काहींनी जन्मापासून एकही शब्द ऐकलेला नसतो. त्यांना महिने, कधी वर्षं लागतात. चमचा हातात दिला म्हणजे जेवण, टॉवेल दिला म्हणजे आंघोळ, इथून सुरुवात.

माणसांनाही खुणा असतात. माझी खूण डाव्या हातातलं जाड कडं. एक मुलगी रोज सकाळी आधी ते चाचपते, मगच माझ्याजवळ बसते. एकदा मी लग्नघरातून थेट शाळेत गेले, कडं पर्समध्ये आणि हात हिरव्या चुड्याने भरलेले. तिने दोन्ही मनगटं चाचपली, मला ढकललं आणि दाराकडे निघाली. चूक माझीच. घाईघाईने कडं चढवलं, तेव्हा परतली. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत दर थोड्या वेळाने बांगड्या वर सारून ते आहे ना, हे बघत होती.