लेकीचे दुधाचे दात पडताना

लेकीला सहावं सरता सरता खालचा समोरचा दात हलायला लागला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, कापूस वेचणीचे दिवस, सकाळी डबा बांधून वावरात जायची घाई. त्यात ती आरशासमोरून ओरडली, "माय, मागून दुसरा दात आला व!" हलणारा दात जागेवरच होता आणि त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, पक्क्या दाताचं टोक दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "दोरा बांध अन् वढून टाक, नाही तं वाकडा येईन." त्यांना नातीचीच काळजी होती, पण माझं मन धजेना. बाजाराच्या दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं. पक्का दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून तो सैल होतो. पक्का दात मागून निघाला की ते मूळ पुरतं विरघळत नाही आणि दोन्ही दात काही दिवस सोबत राहतात. दुधाचा पडला की बहुतेकदा जीभच नव्याला पुढे ढकलते. "हात धुऊन तिचा तिलाच हलवू द्या. ओढू नका. दोन-तीन महिन्यांत नाही पडला तर आणा."

मग पेरूची फोड, काकडी, गाजर समोरच्या दातांनी तोडून खायला द्यायला लागले. एका संध्याकाळी भाकर खाता खाता दात पडला. रक्त पाहून ती घाबरली. स्वच्छ सुती कापडाची ओली घडी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायला लावली, रक्त थांबलं. त्या दिवशी सारख्या चुळा भरू दिल्या नाहीत. आजीने तिच्याकडून दात कवेलूवर फेकवला आणि उंदीरमामाकडे नवा मागायला लावला. ही रीत मला मनापासून आवडते. रडणारं लेकरू तिथेच हसतं.

आता जे सांगते ते गावातल्या प्रत्येक आईला कळावं असं मला फार वाटतं. याच वयात, सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आलेली कळत नाही. दुधाचे दात एकूण 20, त्यांत ही धरायची नाही. ही पक्की, जन्मभराची. "पडणारच आहे" म्हणून किती लेकरांची ही दाढ किडू दिली जाते! दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लवकर काढाव्या लागल्या तर बाजूचे दात सरकून पक्क्यांची जागा अडते. म्हणून रात्री ब्रश मी माझ्या हातात घेते, वाटाण्याएवढी पेस्ट लावते आणि त्या मागच्या दाढेपर्यंत घासते. तंबाखूचं मंजन लेकरांच्या हाती द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

नवा दात दुधाच्या दातांशेजारी थोडा पिवळट दिसतो, कडही करवतीसारखी असते. ते ठीकच आहे. पण आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात, त्याचं कारण बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. दर लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलं तर ते पाणी पिण्याचं नाही. उकळून फ्लोराइड जात नाही. आणि डाग दात वर आल्यावर पडत नाहीत. हिरडीखाली जबड्यात दात घडत असतानाच पडतात. माझा धाकटा अजून अंगणवाडीत जातो, म्हणजे त्याचे समोरचे पक्के दात आत्ता घडताहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून हापशीचं पाणी तपासून घेतलं. फ्लोराइड जास्त निघालं. आता प्यायच्या पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, नळाच्या तपासलेल्या पाण्याने भरतो, हापशीचं पाणी धुण्याभांड्याला.