माझ्याच डोक्याचा मायलिन-नकाशा

एमआरआयपेक्षा जास्त वेळ गेला माझी चमकी काढण्यात. दहावीपासून नाकात बसलेली, फिरकी अजिबात हलेना. शेवटी आईनं खोबरेल लावून, दोऱ्यानं धरून वीस मिनिटांत ती सोडवली आणि विचारलं, "एवढं करून डोक्यात बघणार काय?"

मायलिन. चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टण. ते मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात भरपूर असतं, पण वरच्या सालीतही, म्हणजे कॉर्टेक्समध्येही, कुठे दाट तर कुठे विरळ असतं. इटलीतल्या पार्मा इथे फ्रांचेस्को जेन्नारी या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला १७७६ मध्ये गोठवलेला मेंदू कापताना मागच्या बाजूच्या सालीत एक पांढरी रेघ दिसली होती. मायलिनचीच. आज तसा फरक जिवंत माणसात दिसतो, तोही साध्या भागाकारानं. एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या पद्धतीची चित्रं घेता येतात, त्यातली दोन म्हणजे टी-वन आणि टी-टू. टी-वन चित्रात मायलिन उजळ दिसतं, टी-टूमध्ये काळपट. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की फरक ठळक होतो. शिवाय कॉइलजवळचा, म्हणजे डोक्याभोवतीच्या संकेत टिपणाऱ्या साच्याजवळचा, भाग उगाच उजळ दिसतो तो दोष दोन्ही चित्रांत सारखाच असल्यानं बराचसा छेदून जातो. ग्लासर आणि व्हॅन एसेन या मेंदू-संशोधकांनी ही रीत २०११ मध्ये मांडली. माझ्या एम.टेक.च्या प्रकल्पाचा विषय तोच.

पहिला डाव फसला, आणि चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी डोकेदुखीसाठी एमआरआय झाला होता, त्याची सीडी कपाटात होती. वाटलं, टी-वन, टी-टू दोन्ही आहेत, भागून टाकू. निघाला नुसता चिखल. नेहमीच्या तपासणीत काप पाच मिलीमीटर जाडीचे घेतात आणि साल असते दोन ते चार मिलीमीटर. एकाच ठिपक्यात साल, आतलं पांढरं आणि बाहेरचं पाणी सगळं एकत्र. कुणाला हे करून बघायचं असेल तर सांगते : दोन्ही चित्रं थ्री-डी, एक मिलीमीटर किंवा त्याहून बारीक, आणि एकाच बैठकीत घ्या. जुनी सीडी विसरा.

मग सरांनी परवानगीचे कागद केले आणि बेळगावातल्याच एका केंद्रात रात्री साडेनऊची वेळ मिळाली. मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). टेक्निशियन म्हणाला, "अक्का, भ्यायचं काय न्हाई. सुम्मने पडून रहा, गिळूसुद्धा नका." गिळू नका म्हटल्यावर तोंडाला जे पाणी सुटलं! आवाजाचं मात्र काही वाटलं नाही. वडगावात मागाच्या खटखटाटात झोपलेलं पोर मी. बाबांनी यंत्रमाग विकून सहा वर्षं झाली, पण मशीनमधल्या ग्रेडियंटची, म्हणजे चुंबकक्षेत्र बदलणाऱ्या वेटोळ्यांची, ठोक सुरू झाली तशी चक्क डुलकी लागली. झोपेत मान कलली आणि टी-टू पहिल्यापासून घ्यावं लागलं. "आता जागं रहा," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर सालीची आतली-बाहेरची कड काढायचं काम लॅपटॉपला लावलं. नऊ तासांचं काम, सातव्या तासाला लाईट गेली आणि बॅटरीनं मान टाकली. परत पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी नकाशा आला तेव्हा आधी दिसला तो डाव्या कानाच्या वरचा एक लालभडक ठिपका. लाल म्हणजे मायलिन जास्त. छाती धडधडली. काहीतरी सापडलं, किंवा मला काहीतरी झालंय! सरांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "कड कुठून गेली आहे ते बघ." कड सालीबाहेर पडून वरच्या कवचात, ड्युरामध्ये घुसली होती. ड्युरा टी-टूमध्ये काळा असतो, म्हणून भागाकार फुगला. हातानं कड सरळ केल्यावर ठिपका गेला. खोटं कशाला सांगू, थोडं वाईटच वाटलं.

उरलं ते मात्र खरं होतं. आपण हेअरबँड लावतो साधारण त्या वाटेनं एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लाल पट्टा, हालचालींचा भाग. मागे जेन्नारीच्या रेघेची जागा, दृष्टीची. कानाच्या आतल्या बाजूला घडीत लपलेली ऐकण्याची जागा. कपाळामागचा भाग बहुतेक निळा, म्हणजे विरळ. आईनं ते निळं बघून "इथं काहीच न्हाई व्हय?" असं विचारलं आणि बाबा हसत सुटले.

एक खरं, याला मायलिनचं मोजमाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मशीन ऐकतं पाण्यातल्या हायड्रोजनला, मायलिन त्यातून ओळखायचं. सालीतलं लोहसुद्धा त्याच आकड्यात मिसळतं. कुठे जास्त, कुठे कमी, एवढं सांगता येतं. किती, ते नाही.

आता हाच नकाशा दुसऱ्यांदा तसाच येतो का ते बघायचंय. वेळ मिळेपर्यंत चमकी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे, आणि नाकाचं भोक बुजेल म्हणून आई रोज सकाळी त्यात कडुलिंबाची काडी घालायला लावते.