रीमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे प्लग: निवड आणि गॅप

रीमॅपनंतर (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर) गाडी आयडलला गुळगुळीत, सिग्नलला काही तक्रार नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) चढताना झटके देते. असं झालं की मी कॉइलवर (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर) पैसे घालण्याआधी स्पार्क प्लग काढून गॅप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली फट, मोजतो. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाट होतं आणि तेवढीच फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलला ते पुरवता आलं नाही की मिसफायर, म्हणजे मिश्रण पेटतच नाही. मूळ सेटिंगला योग्य असलेला गॅप रीमॅपनंतर जास्त ठरतो, तो यामुळे.

प्लगवरचा क्रमांक आधी नीट वाचावा. एनजीके कंपनीच्या ‘बीकेआर६ई-११’मध्ये बी म्हणजे १४ मिमी आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती पटकन बाहेर टाकतो ते; पटकन टाकतो तो ‘थंड’ प्लग), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. एनजीके आणि डेन्सोमध्ये हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. काउंटरवर नुसतं ‘एक नंबर वरचा द्या’ म्हटलं तर ब्रँडनुसार भलताच प्लग हातात येतो. रेझिस्टर नसलेला प्लग ईसीयूवाल्या गाडीत नकोच. सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ होतो.

ढोबळ नियम असा की ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली तर एक पायरी थंड प्लग. छोट्या टर्बोचा साधा स्टेज १ (फक्त सॉफ्टवेअर बदललेला रीमॅप) इतकी ताकद वाढवत नाही. म्हणून मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला मी मूळ हीट रेंजच ठेवतो, फार तर एक पायरी थंड. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळते. सायनपासून घाटकोपरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत दोन पायऱ्या थंड प्लग तिथवर पोचतच नाही. काळा पडतो आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास देतो. उलट बाजूला टोक ८०० अंशांच्या वर गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका. रीमॅप ९५ ऑक्टेनवर केला असेल आणि टाकीत त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल असेल, तर होणारं नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) थंड प्लगने थांबत नाही. तिथे पेट्रोलच बदलायला हवं.

ट्यूनिंग चालू असेपर्यंत मी साधे निकेलचे प्लग वापरतो. स्वस्त असतात, गॅप सहज बदलता येतो. सगळं जमलं की इरिडियम या कठीण धातूच्या टोकाचा प्लग. त्याचं बारीक टोक कमी व्होल्टेजवर ठिणगी देतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसला घेताना नकली मालाकडे लक्ष ठेवा. मधलं टोक बाजूच्या इलेक्ट्रोडच्या बरोबर मध्यावर हवं, सिरॅमिकवरची छपाई स्वच्छ हवी. वॉशर बोटाने सहज फिरून निघून येत असेल तर तो प्लग मी घेत नाही.

गॅपसाठी फिलर गेज किंवा तारेचा गेज. नाण्यासारखा गोल गेज मधल्या टोकावर टेकवून फट उघडायची नाही, इरिडियमचं टोक तिथेच तुटतं. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. कमी करायला लाकडावर हलकेच ठोकायचा, वाढवायला बारीक पक्कडीने उचलायचा. गॅप ०.७ मिमी ठेवायचा असेल तर ०.७ ची पाती किंचित अडखळत सरकली आणि ०.७५ ची शिरलीच नाही, की गॅप बरोबर. मूळ गॅपपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवायची वेळ आली तर कमी गॅपचाच प्लग घ्यावा, नाहीतर दोन्ही टोकं समांतर राहत नाहीत. मी ०.७ पासून सुरू करतो. पूर्ण बूस्टवर मिसफायर मोजला गेला तर ०.६५, मग ०.६. झटके थांबले की तिथेच थांबायचं. उगाच आणखी कमी केलं तर ठिणगी इवलीशी पडते आणि आयडल थरथरतं. ही चाचणी डायनोवरच (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करावी, रस्त्यावर नाही.

बसवताना इंजिन गार हवं. काढण्याआधी खळग्यात कॉम्प्रेसरची हवा मारा, नाहीतर खळग्यातली माती सिलिंडरमध्ये पडते. पावसाळ्यात तिथे ओल राहते, तीही यानेच जाते. नवा प्लग आधी हाताने, रबरी नळीच्या तुकड्यात धरून फिरवायचा, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. ॲल्युमिनियम हेड आणि १४ मिमी आट्यांना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, २५ ते २९ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस लावू नका. टॉर्क तोच दिसतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. सिरॅमिक कोरड्या फडक्याने पुसा. त्यावरच्या तेलकट, दमट थरावरून ठिणगी बाहेरून उडते.

काही दिवसांनी प्लग काढून पाहा, सिलिंडरच्या क्रमानेच मांडून. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग फार थंड. पांढरं, फोड आलेलं सिरॅमिक म्हणजे टोक फार तापतंय. सिरॅमिकवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर ते डिटोनेशन, म्हणजे वरचं नॉकिंगच, आहे. चकाकी पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असते. अशा वेळी बूस्ट उतरवून ट्यूनरला टायमिंग मागे घ्यायला (ठिणगी थोडी उशिरा पाडायला) सांगा आणि तोवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका.