न बनलेल्या मालिकेचा 60 सेकंदांचा प्रोमो: माझा अनुभव

मालिकेचा ट्रेलर करायचा म्हटलं की विद्यार्थ्यांची पहिली धाव कॅमेऱ्याकडे असते. आमच्या गटात संकलन आणि ध्वनी माझ्याकडे होतं, आणि काम ध्वनीपासूनच सुरू करायचं यावर मी अडून बसलो. सिनेमाचा ट्रेलर कापायला हाताशी अख्खा सिनेमा असतो. विद्यार्थ्यांच्या प्रोमोमागे मालिका नसतेच. जे 60 सेकंदांत दिसणार, तेवढंच चित्रित होणार. ते आधी ठरलं नाही तर दिवसभर शूटिंग करून सुटे सुटे प्रसंग गोळा होतात आणि टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे ओळीने लावायच्या पट्टीवर, त्यांना सांधणारं काही सापडत नाही.

आमची गोष्ट साधी ठेवली होती. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, काटोलकडची संत्र्याची बाग, वडील गेल्यावर वाटणीचा निघालेला कागद, आणि त्या कागदावर आईची सही. नाव ‘हक्काचं अंगण’. संवाद लिहून झाल्यावर कलाकारांना एका बंद खोलीत बसवून सगळे संवाद मोबाइलवर रेकॉर्ड केले. अभिनय नको, फक्त वेग खरा हवा. ते तुकडे टाइमलाइनवर लावून प्रत्येकावर काळी पाटी टाकली: ‘धाकटी सून, चेहरा, 2 सेकंद’, ‘कागद, अगदी जवळून, दीड सेकंद’. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 60 सेकंदांच्या 1500 फ्रेम होतात, आणि पूर्ण झालेला प्रोमो या कच्च्या ध्वनिपट्टीत आधीच ऐकायला मिळतो. संवादाचे 70-75 शब्द झाले की जागा भरते. त्याहून जास्त ठेवले तर संगीताला आणि शांततेला श्वासच उरत नाही, म्हणून कात्री तिथेच चालवायची. शूटिंग झाल्यावर शब्द कापायला गेलं की तोंडाची हालचाल आडवी येते.

या कच्च्या ध्वनिपट्टीचा आणखी एक मोठा फायदा आहे. मालिकेच्या प्रोमोत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा असतो. आमच्याकडे आई म्हणते, ‘सही तं माही हाये, पन कागद माहा नाई.’ या वाक्यात आई फक्त पहिल्या दोन शब्दांपुरती दिसते, बाकी वाक्य मोठ्या मुलाच्या चेहऱ्यावर ऐकू येतं. बोलणारा पडद्यावर नसला की ओठ जुळवायचा प्रश्नच मिटतो, आणि ते वाक्य नंतर शांत खोलीत पुन्हा रेकॉर्ड करता येतं. प्रोमोतली निम्मी वाक्यं अशी लावता येतात. कोणती, ते शूटिंगच्या आधी ठरवा आणि शॉटच्या यादीत तसं लिहून ठेवा.

बोलीबद्दल एक सांगतो. नागपुरातल्या घरात सगळे एकसारखे बोलत नाहीत. आजी-आईच्या तोंडी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ येतं, शिकून नोकरीला लागलेला मुलगा बराचसा प्रमाण बोलतो आणि चिडला की घरच्या बोलीवर येतो. ते जसं आहे तसं ठेवलं तर पात्रं उभी राहतात. सगळ्यांच्याच तोंडी ठासून वऱ्हाडी घातली की मालिका विनोदी वाटायला लागते.

आता कॅमेरा. चांगला मोबाइल पुरतो, पण त्याला मोकळा सोडू नका. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही. मोबाइल आपल्या मर्जीने सेकंदाला 30 फ्रेम आणि 1/60 शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) धरतो, आणि भिंतीवर सरकणारे काळसर पट्टे येतात. ते नंतर नीट निघत नाहीत. म्हणून 25 फ्रेम, शटर 1/50, उजेड जास्त असेल तर 1/100. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप असलं की हे सगळं हाताने ठरवता येतं. फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसण्याची जुळवणी) प्रत्येक शॉटला लॉक करा, नाहीतर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस फ्रेममध्ये आला की सगळ्यांचे चेहरे काळवंडतात. वाड्यात खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडत होता. तिथे बल्ब बंद केला आणि खिडकीच्या समोर, चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर ताणून धरली. दिव्यावर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

बाहेरचं चित्रीकरण नागपूरच्या मे महिन्यात करायचं असेल तर सकाळी 6 ते साडेआठ एवढाच वेळ धरा. नंतर डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात आणि मोबाइल तापून स्क्रीन मंद करतो किंवा रेकॉर्डिंग थांबवतो. मोबाइलचं कव्हर काढा, चार्जिंगला लावून शूट करू नका, दोन टेकच्या मध्ये सावलीत ठेवा. बर्फाच्या पिशवीवर ठेवू नका, आत दव धरतं. बागेचा शॉट हवा असेल तर कोणता महिना आहे ते आधी बघा: नोव्हेंबरच्या सुमारास आंबिया बहाराची (थंडीअखेरच्या फुलोऱ्याची) फळं झाडावर असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची). मे महिन्यात पिकल्या संत्र्यांनी लगडलेलं झाड दाखवता येत नाही, आणि विदर्भातला प्रेक्षक ते लगेच पकडतो.

आवाजाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कूलर. पंख्याची किंवा वायरिंगची खालची घरघर 80-100 हर्ट्झच्या खालचं कापून बरीच जाते. कूलरच्या हवेचा सूंऽऽ मात्र नेमका बोलण्याच्या पट्टीत पसरलेला असतो. सॉफ्टवेअरने तो काढायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यामुळे टेक चालू असताना कूलर, पंखा, फ्रिज, सगळं बंद, आणि टेक संपला की लगेच कूलर चालू. एक जण फक्त याच कामाला ठेवा. फ्रिज पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून घरी जायच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. पंख्याला आणखी एक कारण आहे: एका शॉटमध्ये पडदा हलतो, पुढच्यात स्थिर, आणि कट लगेच खुपतो.

कॉलर माइक साडीवर लावणं हे वेगळंच काम आहे. मंगळसूत्र माइकवर आपटतं, बांगड्या वाजतात, आणि रेशमी साडीचा पदर हलला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. आमच्याकडे हे बसलं ते असं: औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर टेप त्रिकोणी घडी घालून, चिकट बाजू बाहेर ठेवून माइकच्या दोन्ही बाजूंना लावली, आणि माइक ब्लाउजच्या काठाच्या आत, मंगळसूत्राच्या वाटीपासून चार बोटं बाजूला बसवला. टेपमुळे कापड माइकवर घासत नाही, माइकसोबतच हलतं. वायरचा एक छोटा वळसा टेपखाली सोडला म्हणजे खालून ओढ बसत नाही. रोजच्या घरातल्या प्रसंगांना सुती साडी निवडली की अर्धं काम आधीच होतं. बांगड्या दिसत नसतील तर त्या टेकपुरत्या काढाव्या आणि त्यांची किणकिण वेगळी रेकॉर्ड करावी. बोलण्याची पातळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा, ओरडण्याच्या वाक्याला आधीच कमी करा. फुटलेला आवाज दुरुस्त होत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधली भोकं तिनेच बुजतात.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची. टाळी दिसते ती फ्रेम आणि ध्वनीत उठतो तो काटा जुळवला की बाकी सगळं जुळतं. टेकच्या आधी आणि नंतर तीन-चार सेकंद कॅमेरा चालू राहू द्या, कलाकारानेही तोच भाव धरून ठेवावा. प्रोमोत ऐन वेळी लागतो तो हाच न ठरवलेला चेहरा.

मालिकांमधला तिहेरी धक्का, म्हणजे एकाच चेहऱ्यावर तीनदा झेप, यासाठी ट्रॉली नको. 4के मध्ये, म्हणजे 1080 (फुल एचडी) च्या दुप्पट लांबी-रुंदीच्या चित्रात, स्थिर कॅमेऱ्याने चेहरा घ्या. टाइमलाइन 1080 ची असेल तर दुपटीपर्यंत जवळ गेलं तरी चित्र फाटत नाही. प्रत्येक झेप 8 ते 10 फ्रेमची, शेवटाला थोडी मंदावणारी. आम्ही हे संपूर्ण प्रोमोत एकदाच वापरलं, सहीचा कागद उघडतो तिथे. दुसऱ्यांदा आलं की हसू येतं.

शूटिंग झाल्यावर फाइली व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवणं हा सगळ्यात जास्त दिसणारा घात. तिथे चित्र दाबलं जातं आणि मूळ दर्जा परत मिळत नाही. केबलने कॉपी करा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि दोन्ही कॉपी उघडून बघितल्याशिवाय मोबाइल रिकामा करू नका. 1080 च्या एका मिनिटाला साधारण 100 ते 150 एमबी धरा, 4के ला त्याच्या साधारण तिप्पट.

इथे आणखी एक गोम आहे. मोबाइलचं नेहमीचं कॅमेरा ॲप सगळ्या फ्रेम एकसारख्या अंतराने घेत नाही. सुरुवातीला टाळी जुळते आणि शेवटाला आवाज ओठांच्या पुढे पळतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 25 आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून फाइल नव्याने काढली की दुखणं जातं. हे एडिटिंग सुरू करायच्या आधी करा. नंतर केलं तर केलेले कट सरकतात.

एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत केलं. मशीन जुनं असेल तर केडेनलाइव्ह हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर बघा. कच्ची ध्वनिपट्टी आधीच असल्यामुळे काळ्या पाट्या काढून तिथे शॉट बसवणं एवढंच पहिलं काम होतं. पहिल्या 18 सेकंदांत शॉट तीन-चार सेकंदांचे, म्हणजे वाडा कळतो आणि कोण कोणाचं ते कळतं. मधे दीड सेकंदाचे. शेवटच्या चढणीत 10-12 फ्रेमचे. त्याहून छोटा शॉट ठेवला तर नवीन चेहरा ओळखता येत नाही, आणि या मालिकेतला प्रत्येक चेहरा प्रेक्षकाला नवीनच आहे. नाव यायच्या आधी पाऊण सेकंद पूर्ण शांतता ठेवली. आधीच्या सगळ्या गोंगाटाचं वजन तिथे कळतं.

प्रोमोतल्या धक्क्याचा ‘धडाम’ आवाज विकत घ्यायची गरज नाही. स्टीलची परात दोरीने टांगून लाकडी पळीने मारली, माइक हातभर लांब. तो आवाज निम्म्या वेगाने वाजवला की खोल, घुमणारा घाव मिळतो. तोच तुकडा उलटा फिरवला की हळूहळू चढत येणारी लाट तयार होते, जी थेट कटवर येऊन तुटते. लाट उलटी, कट, घाव सुलटा: प्रोमोचा अर्धा ताण या एका परातीतून निघाला. संगीत मात्र स्वतःचं वाजवलेलं किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलंच घ्या. प्रसिद्ध गाण्याचे काही सेकंदसुद्धा अपलोड होताच पकडले जातात.

नावाच्या पाटीवर भरपूर वेळ ठेवा. ‘हक्काचं’ मधला क्क काही सॉफ्टवेअरमध्ये सुटून क् आणि क असा वेगळा पडतो, नावात वेलांटी असेल तर ती चुकीच्या अक्षरावर जाते. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढणं आणि ते चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवणं. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता आणि बालू मोफत मिळतात. तिरो देवनागरी मराठी घेतला तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, आणि मोठ्या अक्षरांत तो फरक चांगलाच दिसतो. नाव पडद्यावर निदान तीन सेकंद स्थिर राहू द्या, वार आणि वेळ त्याखाली.

शेवटी निर्यात: एच.264, 1080, 25 फ्रेम, बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) 10 ते 16 एमबीपीएस, आवाज एएसी 48 किलोहर्ट्झ. यूट्यूबसाठी एकूण आवाज उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) जवळ ठेवला, कारण त्याहून मोठा ठेवला तरी तिथे तो खाली ओढला जातो. तयार फाइल हेडफोनवर ऐकली तशीच साध्या मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका. परातीचा खोल घाव तिथे जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून त्याच्यावर मूळ वेगाचा, टणत्कार असलेला तुकडा हलकासा चढवला.

कलाकारांची आणि वाड्याच्या मालकांची लेखी संमती शूटिंगच्या आधीच घ्या, 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. मेट्रो स्टेशन, देऊळ, बाग यांची परवानगी ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा कोणत्या रंगात येते ते आधी बघा. नागपुरात विमानतळ शहराला लागूनच आहे. आणि फाइल देताना पाट्यांशिवायची एक प्रत, तसंच संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या तीन वेगळ्या फाइली काढून ठेवा. वार-वेळ बदलली किंवा उभ्या स्क्रीनसाठी प्रोमो पुन्हा कापायचा झाला, की लागतात त्या याच.